हिरव्या खुणेवर माझी सही नाही

आमच्या ऑफिसात ते टूल पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी तिसऱ्या रांगेत मांडीवर वही घेऊन बसलेले. घोडबंदर रोडवरच्या त्या इमारतीत, सातव्या मजल्यावर, वहीत लिहिणारी मी एकटीच उरले होते. टूल विकायला आलेला माणूस पडद्यासमोर उभा राहून सांगत होता, "टेस्टिंगसाठी आता कोड लिहायची गरज नाही. साध्या वाक्यात सांगा. लॉग-इन कर, अपॉइंटमेंट घे, पावती आली का बघ. बाकी सगळं एआय करेल." त्याने तशी वाक्यं टाइप केली. पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागला, रकाने भरले गेले, बटणं दाबली गेली आणि शेवटी एक हिरवी खूण उमटली. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. काम झकास होतं, उगाच कशाला नाकारायचं.

मी टेस्टर आहे. सतरा वर्षं हेच करतेय. प्रोग्रामरने बनवलेलं सॉफ्टवेअर लोकांच्या हातात जायच्या आधी आपण वापरून बघायचं, दाबू नये ते दाबायचं, भरू नये ते भरायचं आणि कुठे अडकतं ते लिहून द्यायचं. हे सगळं हाताने करणाऱ्यांना आयटीत मॅन्युअल टेस्टर म्हणतात. कोड लिहून तेच काम मशीनकडून करून घेणारे ते ऑटोमेशनवाले. त्यांना खिडकीकडच्या जागा, आम्हा पाच जणांना प्रिंटरशेजारच्या. आम्हाला ते 'क्लिकवाले' म्हणायचे. तोंडावर नाही, पण ऐकू जाईल इतपत.

कोड शिकायला मी दोनदा सुरुवात केलेली. एकदा मुलगी झाली म्हणून सुटलं, दुसऱ्यांदा सासऱ्यांचं दुखणं निघालं म्हणून. नंतर पुन्हा कोणी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. पण 'कोड येत नाही' हे वाक्य माझ्या प्रत्येक अप्रेझलमध्ये असायचं. सतरा वर्षांत मी पकडलेल्या चुका कोणी मोजल्या नाहीत, हे वाक्य मात्र न चुकता यायचं.

त्यामुळे टूल बघून माझ्या मनात पहिल्यांदा भीती आलीच नाही. उलट वाटलं, हे तर माझ्यासाठीच बनवलंय. वाक्यं मला येतात. कुठे काय बिघडू शकतं हे मला माहीत आहे. आता मध्ये कोड राहिला नाही.

आठवड्याभराने मॅनेजरने आम्हा पाच जणांना बोलावलं. तो माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान, बोलायला गोड. म्हणाला, "तुमच्या डोक्यात जे आहे ना, ते सगळं एक्सेलमध्ये उतरवा. एकेक टेस्ट, साध्या वाक्यांत. ऑटोमेशन टीम ते टूलमध्ये टाकेल."

मी विचारलं, "टूलला कोड लागत नाही ना? मग आम्हीच टाकतो की थेट."

"लायसन्स मोजकीच घेतलीत, मॅडम. ती ऑटोमेशनकडे दिलीत."

"कोड न येणाऱ्यांसाठी बनवलेलं टूल कोड येणाऱ्यांना दिलंत?"

तो हसला. "असं समजू नका. तुम्ही फक्त वाक्यं द्या."

"आणि वाक्यं संपल्यावर?"

"मग बघू," तो म्हणाला आणि लॅपटॉप मिटला.

दोन महिने आम्ही वाक्यं लिहिली. आमचं सगळ्यात मोठं काम म्हणजे एका रुग्णालय समूहाचं ॲप. त्यावरून पेशंट डॉक्टरची वेळ घेतात, रिपोर्ट बघतात, डायलिसिसची पाळी ठरवतात. चार वर्षं मी ते ॲप बघत होते. त्याच्या खोडी मला तोंडपाठ होत्या. मी त्या सगळ्या प्रामाणिकपणे लिहिल्या, एकही लपवली नाही. शेजारी बसणारा सहकारी मला म्हणालेला, "थोडं मागे ठेव गं, सगळंच कशाला देतेस?" मला ते जमलं नाही. एखादी चूक माहीत असून लिहायची नाही, हे माझ्या हातून होत नाही.

वाक्यं संपली आणि एचआरकडून बोलावणं आलं.

दुपारची वेळ, काचेची खोली. समोर एचआरमधली मुलगी, पाण्याची बाटली आणि एक कागद. कागद माझ्या नावाने होता, माझ्या वतीने आधीच टाइप केलेला. मी राजीनामा देत आहे, असं त्यात लिहिलेलं.

इथे माझ्या वडिलांचं सांगायला हवं. मी आंबिवलीत वाढले. वडील शहाडला एका कारखान्यात होते आणि युनियनचं काम करायचे. घरात कुठलाही कागद आला, शाळेचा फॉर्म असो की रेशनकार्डाचा अर्ज, तो आम्हा बहिणींपैकी एकीने मोठ्याने वाचायचा आणि मगच त्यावर सही व्हायची. येणारेजाणारे हसायचे. विहारातल्या अभ्यासिकेत बसून मी बी.एस्सी. केलं, कल्याणला कॉम्प्युटरचा कोर्स केला, नोकरीचं पत्र हातात आलं, तेव्हा तेही वडिलांनी मला शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचायला लावलेलं.

तर मी तो कागद उचलला आणि मोठ्याने वाचायला लागले. एचआरची मुलगी आधी गोंधळली, मग दाराकडे बघायला लागली. 'वैयक्तिक कारणास्तव' या शब्दांपाशी मी थांबले.

"माझं वैयक्तिक कारण काय आहे?" मी विचारलं.

"ते जनरल असतं, मॅडम. सगळ्यांच्यात तसंच लिहितो."

"माझं कारण मला तरी माहीत पाहिजे ना."

"तुम्ही स्वतःहून दिलात तर तुमच्याच दृष्टीने चांगलं दिसेल. पुढच्या नोकरीला."

"मला ही नोकरी सोडायची नाहीये. कंपनीला मी नको असेन तर कंपनीने तसं लिहून द्यावं. कारणासकट."

"तसं केलं तर उद्या कुणी तुमच्याबद्दल चौकशी केली की अडचण येईल."

"हेही लिहून द्या."

तिचा काही दोष नव्हता, तिला जे सांगितलं ते ती बोलत होती. मी कागद उलटा करून टेबलावर ठेवला आणि बाहेर आले.

बाकीच्या चौघांनी सह्या केल्या. एकाच्या घरी आजारपण होतं, त्याला वाद नको होता. एकीला वाटलं, आपण अडून बसलो तर पुढे कोणी घेणार नाही. मी कोणाला नावं ठेवत नाही. पण दुपारी प्रिंटरशेजारी बसलेल्या पाच जणांतली संध्याकाळी मी एकटी उरले, हे मला खूप लागलं.

त्या दिवशी बस कापूरबावडीपर्यंत यायलाच तास लागला. एरवी मी त्या ट्रॅफिकला शिव्या देते. त्या दिवशी बरं वाटलं, कारण घरी काय सांगायचं ते ठरत नव्हतं. काचेच्या खोलीत मी कशी ठाम बोलले ते वर लिहिलंय, पण बाहेर आल्यावर बाथरूममध्ये जाऊन भिंतीला टेकून उभी होते, तेही लिहायला हवं.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "जायचं रोज. बसायचं. काढतील तेव्हा काढतील, आपण कशाला त्यांचं काम सोपं करायचं?" सासूबाई बाजूलाच भाजी निवडत होत्या. त्यांना एवढंच कळलं की सून चिंतेत आहे. त्या म्हणाल्या, "अगं, ते होईल काय व्हायचं ते. आधी माझ्या फोनचं बघ. अक्षरं दिसत नाहीत मला." मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही त्यांना बारीक दिसत नव्हतं. मी फोन घेतला आणि अक्षरं सगळ्यात मोठी करून दिली. पडद्यावर त्यांच्या मुलीच्या मेसेजचे चारच शब्द मावायला लागले. त्या खूश झाल्या.

मी रोज जायला लागले. काम काहीच नाही. मेल यायचे थांबले, मीटिंगमधून मला वगळलं. सकाळी साडेनऊला जायचं, जागेवर बसायचं, सहाला निघायचं. रिकामं बसणं किती दमवतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. लोक जवळून जाताना आवाज कमी करायचे.

तेव्हा ऑटोमेशनमधली एक मुलगी माझ्याकडे डबा घेऊन आली. डोंबिवलीची, हुशार, तिशीच्या आतली. चार वर्षांत आमचं बोलणं कामापुरतंच झालेलं.

"ताई, तुम्ही सही केली नाहीत म्हणे," ती म्हणाली.

"नाही केली."

"मला वाटायचं, टूल आलं की तुम्ही लोक जाल आणि आम्ही राहू." तिने डब्याचं झाकण काढलं, पण खायला सुरुवात केली नाही. "माझ्या चार वर्षांच्या स्क्रिप्ट्स काल बंद केल्या. सगळा कोड. आता मीपण वाक्यंच लिहिते. वाक्यं लिहायला मी कशाला पाहिजे, हे त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही. येईल."

मी विचारलं, "तूच म्हणायचीस ना आम्हाला क्लिकवाले?"

"हो. म्हणायचे."

तिने नाही म्हटलं असतं तर मी डबा उचलून निघून गेले असते. ती खरं बोलली म्हणून आम्ही एकत्र जेवलो, आणि मग रोजच जेवायला लागलो.

तिच्याकडून मला कळलं की ते टूल बनवणारे घरी वापरून बघायला पंधरा दिवस फुकट देतात. रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी माझा जुना लॅपटॉप उघडला आणि ते घेतलं. सरावासाठी त्यांनीच एक खोटं दुकान बनवून ठेवलेलं, त्यात वस्तू निवडायची, पत्ता भरायचा, पुढे जायचं. मी इंग्रजीत वाक्यं लिहिली. चाललं. मग काय डोक्यात आलं कुणास ठाऊक, मी मराठीत लिहिलं, 'लाल रंगाची पिशवी निवड आणि पुढे जा.' क्षणभर काहीच झालं नाही. मग बाण हलला, लाल पिशवीवर गेला, पुढे गेला.

मागे कुकर शिट्ट्या करत होता. मी तशीच बसून राहिले. मशीनशी बोलायची भाषा तुला येत नाही असं सतरा वर्षं मला सांगितलं गेलेलं, आणि हे मशीन माझी, आंबिवलीतली भाषा ऐकत होतं. मी नवऱ्याला हाक मारून दाखवलं. तो म्हणाला, "मग आता यांना तू का नकोस?" मला नेमकं हेच विचारायचं होतं.

त्या पंधरा दिवसांत मी त्या टूलला सळो की पळो करून सोडलं. माझा धंदाच तो. त्यात एक गोष्ट सापडली. मी मुद्दाम नसलेल्या बटणाचं नाव लिहिलं, 'भेट म्हणून बांधून द्या' हे बटण दाब. तसं बटण त्या दुकानात नव्हतंच. टूल थांबलं नाही. त्याने जवळपासचं दुसरंच बटण दाबलं, पुढचा पडदा आला आणि हिरवी खूण दिली. खाली, डोळे बारीक केल्यावर दिसेल अशी करड्या अक्षरांत ओळ होती. मूळ घटक सापडला नाही, पर्यायी घटक वापरला.

डोंबिवलीच्या मुलीने सांगितलं, ही तर त्या टूलची मोठी खुबी म्हणून विकतात. बटणाची जागा बदलली, नाव थोडं बदललं, तरी टूल अडत नाही, स्वतःच वाट काढतं. ते खरंही आहे. दहातल्या नऊ वेळा ते बरोबर वाट काढतं. पण दहाव्या वेळी 'मला सापडलं नाही' असं मोठ्याने म्हणायची त्याला लाज वाटते, आणि ही लाज टेस्टरला परवडत नाही. मी हे वहीत लिहून ठेवलं.

मला बिनकामाचं बसवून सहावा आठवडा चालू असताना मॅनेजर स्वतः माझ्या जागेवर आला. हातात कागद. रुग्णालयाच्या ॲपची नवी आवृत्ती दुसऱ्या दिवशी लोकांकडे जायची होती. त्यांच्याशी झालेल्या करारात होतं की प्रत्येक आवृत्तीवर टेस्टरची कागदावर सही लागेल, आणि टेस्टर म्हणून करारात नाव होतं माझं. ते बदलायला सगळे विसरले होते.

"फक्त एक सही पाहिजे," तो म्हणाला. "टूलने सगळं तपासलंय. सगळं हिरवं आहे."

"मी तपासलेलं नाही."

"टूलमध्ये तुमच्याच टेस्ट आहेत, मॅडम. म्हणजे तुम्हीच तपासल्यासारखं आहे."

"मग मला उद्या सकाळपर्यंत वेळ द्या. मी हाताने बघते आणि सही करते."

त्याला ते आवडलं नाही, पण सही हवी होती. तो हो म्हणाला.

टेस्टिंगचे फोन कपाटात असतात. मी त्यातला सगळ्यात जुना, छोट्या पडद्याचा काढला आणि त्यावर सासूबाईंच्या फोनइतकी मोठी अक्षरं केली. मग ॲप उघडून डायलिसिसच्या पाळीवर गेले. तिथे नवी तारीख निवडली की खाली दोन बटणं असतात. वर 'अपॉइंटमेंटची तारीख बदला', खाली 'अपॉइंटमेंट रद्द करा'. नव्या आवृत्तीत कोणीतरी बटणांच्या वर एक रंगीत सूचना टाकलेली. अक्षरं मोठी केल्यावर ती सूचना फुगली आणि तिने तारीख बदलायचं बटण झाकून टाकलं. दिसत होतं ते खालचं एकच बटण, आणि तेही मोठ्या अक्षरांमुळे तुटलेलं. त्यावर नुसतं 'अपॉइंटमेंट…' एवढंच वाचता येत होतं.

मी नवी तारीख निवडून ते दाबलं. पडद्यावर आलं, 'आपली विनंती नोंदवली आहे.' तारीख बदलली तरी हेच वाक्य येतं, रद्द केलं तरी हेच. पाळी गेली होती.

मी ते सहा वेळा करून बघितलं. सहाही वेळा पाळी गेली. बुधवारची पाळी गुरुवारी करू बघणाऱ्या पेशंटला वाटलं असतं, झालं आपलं काम. गुरुवारी तो आला असता आणि त्याच्या नावाची खुर्चीच नसती. डायलिसिस म्हणजे काय चुकलेला सिनेमा नाही, की पुढच्या खेळाला जाऊ.

आणि मोठ्या अक्षरांवर तारीख बदलून बघ, ही टेस्ट मीच लिहून दिलेली. टूलने ती केलेली. हिरवी खूण होती. मी डोंबिवलीच्या मुलीकडे गेले, तिने त्या टेस्टची सविस्तर नोंद उघडली. करड्या अक्षरांत ओळ होतीच. मूळ घटक सापडला नाही, पर्यायी घटक वापरला. टूलने स्वतः पेशंटची पाळी रद्द केली होती आणि स्वतःलाच शाबासकी दिली होती.

तिने ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाली, "मी हे उघडूनच बघितलं नाही, ताई. हिरवं होतं ना."

आम्ही दोघी मॅनेजरकडे गेलो. मी फोन त्याच्या हातात दिला आणि त्याच्याकडूनच बटण दाबवून घेतलं. त्याला कळलं. तो मूर्ख नाही.

"ठीक आहे, पुढच्या आवृत्तीत घेऊ," तो म्हणाला. "एवढी मोठी अक्षरं वापरतं कोण?"

"माझी सासू."

"एका सासूसाठी मी रिलीज थांबवू?"

"डायलिसिसला कोण येतं, सर? कॉलेजची पोरं?"

तो खुर्चीत मागे झाला. आवाज बदलला. "तुम्ही या प्रोजेक्टवर नाही आहात, हे तुम्हाला माहितीये ना? तुमच्याबद्दल आधीच वर नाराजी आहे. सही करा, मी तुमच्यासाठी शब्द टाकतो."

मी त्याला सांगितलं, "या हिरव्या खुणेवर माझी सही नाही." आणि कागदावर सहीच्या जागी, 'तपासले, नापास', असं लिहून कारण लिहिलं. तो कागद त्याने ड्रॉवरमध्ये टाकला. ते बघितल्यावर मला समजलं की तो तिथेच राहणार आणि उद्या कोणा दुसऱ्याकडून सही घेतली जाणार.

मी जागेवर आले, फोनवर सगळं पुन्हा करून त्याचं चित्रीकरण केलं आणि मेल लिहिला. मॅनेजरला, त्याच्या वरच्याला आणि रुग्णालयाकडून ॲपचं काम बघणाऱ्या बाईंना. चार वर्षं त्यांच्याशी फोनवर बोलत होते, पण माझ्या पातळीच्या माणसाने त्यांना थेट मेल करायचा नसतो. भाषा साधी ठेवली. काय केलं, काय झालं, पेशंटचं काय होईल. आरोप कुणावर केला नाही. पाठवायच्या आधी डोंबिवलीची मुलगी मागे येऊन उभी राहिली.

"खाली माझंही नाव घाला."

"तुझी नोकरी अजून आहे," मी म्हणाले. "नीट विचार कर."

"टूल मी चालवते. ती ओळ मी बघायला हवी होती. घाला."

मी तिचं नाव घातलं. मेल पाठवला.

अर्ध्या तासात रुग्णालयातल्या बाईंचा फोन आला. त्यांनी एकच विचारलं, "आत्ता लोकांकडे आहे त्या ॲपमध्ये हे होतंय का?" मी म्हटलं, नाही, फक्त नव्यात. त्या म्हणाल्या, "मग नवं नको." रिलीज थांबलं. प्रोग्रामरला ते नीट करायला एक दुपार पुरली. पुन्हा तपासून, आठवड्याने, ते लोकांकडे गेलं, आणि त्या आवृत्तीच्या नव्या कागदावर मी सही केली.

माझं कोणी कौतुक वगैरे केलं नाही. मला मिळालं ते ताकीदपत्र, वरिष्ठांना डावलून ग्राहकाशी संपर्क केला म्हणून. मी ते वाचलं आणि खाली लिहिलं, 'मिळाले. मान्य नाही.' डोंबिवलीच्या मुलीलाही तसंच पत्र आलं. तिने माझं वाक्य जसंच्या तसं उतरवलं.

पण रुग्णालयाने लेखी कळवलं की करारातलं टेस्टरचं नाव बदलू नये. त्यानंतर एचआरने मला काचेच्या खोलीत बोलावलं नाही. मॅनेजर दोन आठवडे बोलला नाही, मग एक दिवस चहाला थांबवून म्हणाला, "तुम्हाला नक्की हवंय काय?"

मी सांगितलं. मला टूलचं लायसन्स हवं. गेलेले चौघे परत हवेत. जिथे टूलने दुसरं बटण दाबलं तिथे हिरवी खूण चालणार नाही, माणसाने बघेपर्यंत ती लाल धरायची. आणि महिन्यातून एक दिवस मला रुग्णालयात जाऊन बसायचंय, लोक ॲप कसं वापरतात ते बघायला.

चौघांपैकी एकच परत आली, तीही कंत्राटावर. बाकीच्यांचं त्याने ऐकूनच घेतलं नाही. तू जिंकलीस असं कोणी मला म्हटलं की मी लगेच हे सांगते. बाकी मला मिळालं, पण भांडून. लाल धरायला लागल्यापासून आमचे अहवाल पहिल्यासारखे हिरवेगार दिसत नाहीत आणि दर सोमवारी कोणीतरी त्यावरून कुरकुर करतं. मी ऐकते आणि लालचं लालच ठेवते. आता मी दिवसभर त्या टूलवर काम करते. ते माझ्यापेक्षा वेगवान आहे, कंटाळत नाही, एकच गोष्ट हजारदा करतं. मला ते आवडतं. माझं भांडण टूलशी कधीच नव्हतं.

गेल्या महिन्यात मी रुग्णालयात गेलेले. डायलिसिसच्या वॉर्डाबाहेर बाकावर साठीच्या एक बाई बसलेल्या, नवरा आत होता. फोन हातभर लांब धरून त्या काहीतरी शोधत होत्या. मी ओळख सांगून शेजारी बसले. त्यांना पुढची पाळी एक दिवस आधी घ्यायची होती, पुतण्याचं लग्न होतं. बटण त्यांना लगेच सापडलं. मी मनातल्या मनात खूश झाले. मग ॲपने ओटीपी मागितला.

"तो पुण्याला जातो," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"नंबर मुलाचा दिलाय ना. त्याच्याकडे जातो. तो कामात असतो. दुपारी सांगतो मला फोन करून." त्यांनी फोन पर्समध्ये ठेवला. "तोपर्यंत ते बंद होतं. मग परत पहिल्यापासून. दोन दिवस हेच चाललंय."

माझ्या सतरा वर्षांत आणि त्या टूलच्या हजारो टेस्टमध्ये हे कोणालाच सुचलं नव्हतं. आमच्या टेस्टमध्ये पेशंटचा फोन पेशंटच्याच हातात असतो. मी काउंटरवर जाऊन त्यांची तारीख बदलून घेतली आणि ऑफिसात येऊन चूक म्हणून नोंद केली.

मॅनेजरने ती नोंद बंद केली, म्हणजे त्यावर कोणी काम करायचं नाही. शेरा लिहिला, 'ही चूक नाही. रचनाच अशी आहे.' मी ती पुन्हा उघडली आणि बाईंनी जे सांगितलं ते जसंच्या तसं खाली लिहिलं. त्याने परत बंद केली. मी परत उघडली.

हे लिहितेय तेव्हा ती उघडीच आहे.